गोधडी : घराची, गावाची आणि आता कलादालनाची

घटस्थापना जवळ आली की नाशिकच्या गोदाघाटावर गोधड्या उतरतात. नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढायची रीत आहे. भिजलेली गोधडी न्हाणीत एकटीला पेलवत नाही, म्हणून बायका दोघी-तिघी मिळून ती नदीवर आणतात. पायऱ्यांवर आणि कठड्यांवर वाळत पडलेल्या गोधड्यांत एरवी घराबाहेर न येणारे बरेच काही उघड्यावर येते : सासूच्या लुगड्याचा काठ, शाळेच्या गणवेशाचा खाकी तुकडा, विटलेले दुपटे, परकराचे अस्तर. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, नदीत कपडे धुण्यावर निर्बंध आले. तरी ही रीत मोडलेली नाही.

अलीकडे गोधडी आणखी एका वाटेने घराबाहेर पडू लागली आहे. हस्तकला प्रदर्शनांत ती टांगलेली दिसते, डिझाइनचे विद्यार्थी तिच्यावर प्रकल्प करतात, आईच्या साड्यांची ‘आठवणीची गोधडी’ शिवून घेणारी गिऱ्हाइके पुण्या-मुंबईइतकीच परदेशातल्या मराठी घरांतही आहेत. इंग्रजीतून आलेला ‘आर्ट क्विल्ट’ हा शब्द त्यातल्या काही कामांना लावला जातो. पांघरण्याऐवजी पाहण्यासाठी शिवलेली गोधडी, असा त्याचा ढोबळ अर्थ; इथे तिचे विषय बहुधा घर आणि गाव असतात. या वाटेवर काही प्रश्न उभे आहेत. पांघरूण भिंतीवर गेले की त्याचे काय होते? शिवणारीचे नाव कुठे येते? नव्या कापडाच्या गोधडीला गोधडी म्हणायचे का? आणि गरिबीने शिकवलेल्या कामाचे कौतुक कोणी, कोणत्या शब्दांत करावे?

चीवर, कंथा, चिंध्या

जोडलेल्या कापडाचा नाशिकशी असलेला संबंध फार जुना आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण (त्या काळची नाणी) ‘चीवरिक’, म्हणजे वस्त्रासाठीची रक्कम, मिळावी म्हणून त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने ठेवले. आणखी १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने ठेवले. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला. गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे. भिक्षूचे चीवर तुकडे जोडून शिवायचे, हा विनयाचा, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारसंहितेचा, नियम. मगधातली बांध घातलेली शेते दाखवून बुद्धाने आनंदाला तशी मांडणी करायला सांगितले, असे परंपरा मानते. अखंड, किमती कापडाचा मोह राहू नये, हा त्यामागचा हेतू.

नाथपंथी योग्यांची कंथा, म्हणजे ठिगळांचे वस्त्र, त्याच जातकुळीतली. ब्रह्मगिरी आणि निवृत्तिनाथांची समाधी असलेल्या त्र्यंबकेश्वराच्या परिसराला ती परकी नाही. अगदी जवळचे उदाहरण गाडगेबाबांचे (१८७६-१९५६). अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. नाशिकमध्ये त्यांची धर्मशाळा आहे आणि गोदावरीवरचा एक पूल त्यांच्या नावाने ओळखला जातो.

संन्याशाने ठिगळ निवडून घेतले. घरातल्या बाईच्या वाट्याला ते न निवडता आले. गोधडीच्या इतिहासात हे दोन प्रवाह शेजारी-शेजारी वाहतात, आणि आजच्या वादातली बरीच गुंतागुंत त्यातूनच आलेली आहे.

एका लुगड्याचा हिशेब

गोधडीची बांधणी समजल्याशिवाय पुढचे वाद नीट कळत नाहीत. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर सुती कापड. ते मधोमध विरले की चांगले भाग दंड घालून जोडत आणि आणखी काही काळ नेसत. तेही संपले की त्याची गोधडी. चार पदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर आपोआप तयार होतात. रुंदीसाठी शेजारी दुसरे लुगडे. मध्ये फाटकी धोतरे, सदरे, चादरींचे तुकडे पसरायचे आणि वर सर्वांत धड कापड घ्यायचे. जमिनीवर ताणून आधी लांब कच्चे टाके, मग काठापासून धावदोरा. अनेक गोधड्यांत टाक्यांच्या ओळी कडेने सुरू होऊन चौकटीत चौकट करत मध्यापर्यंत येतात. पाश्चात्त्य क्विल्टमध्ये वरचे कापड, मधला कापूस आणि खालचे अस्तर असे तीन वेगळे थर असतात. गोधडीत सगळे थर कापडाचेच, आणि टाका त्या सर्वांना एकदम धरतो. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब देते आणि शेकडो वेळा धुतलेले सूत अंगाला टोचत नाही. नाशिक जिल्ह्यात निफाडला हिवाळ्यात राज्यातले नीचांकी तापमान वरचेवर नोंदले जाते. तिथे या बांधणीची परीक्षा दरवर्षी होत असे.

पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी. बंगालची कंथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानची रल्ली ही तिची भावंडे. गोधडी त्यांच्यातली सर्वांत कमी नटलेली. कंथेवर कमळ, हत्ती, पालखी उमटते. गोधडीवर बहुधा सरळ ओळी आणि तुकड्यांची मांडणी एवढेच असते. तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले, त्याचे हे एक कारण असावे.

घरातून ती का गेली

गोधडी मागे पडली याला एकच कारण नाही. साडीचे सूत गेले आणि पॉलिस्टर आले. ते लवकर विरत नाही, घाम शोषत नाही, शिवताना थर एकमेकांवरून घसरतात. पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आणि पुढे मऊ ‘मिंक’ पांघरुणे गावच्या बाजारापर्यंत पोचली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात येऊ लागली, तेव्हा विरलेल्या साड्यांपुढे दोन वाटा झाल्या : गोधडी किंवा स्टीलचे पातेले. अनेक घरांनी पातेले निवडले. जमिनीवर गोधडी ताणायला जागा लागते. फ्लॅटमध्ये ती उरली नाही.

आदिवासी पट्ट्यात चित्र थोडे वेगळे राहिले. पेठ, सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडला द्राक्षांच्या कामावर जाणाऱ्या कुटुंबांच्या सामानात गोधड्यांची वळकटी असतेच. शहरातही शिवणे पूर्ण थांबले नाही. ते मोलाने होऊ लागले. रस्त्याच्या कडेला ‘गोधडी शिवून मिळेल’ अशी पाटी लावून बसलेल्या बायका नाशिक-पुण्यात दिसतात. कापड गिऱ्हाइकाचे, दोरा आणि हात त्यांचे. गोधडीच्या कलारूपाविषयी बोलताना या बायकांचा उल्लेख फार क्वचित होतो. ही उणीव साधी नाही, कारण हाताने दाट टाका घालण्याचे कौशल्य आज नियमितपणे वापरणाऱ्या त्याच आहेत.

इतरत्र काय घडले

पांघरूण भिंतीवर जाण्याची ठळक तारीख १९७१ ही मानली जाते. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकी क्विल्ट अमूर्त चित्रांसारख्या टांगल्या गेल्या. रंगांची आणि आकारांची ताकद प्रेक्षकांना जाणवली. शिवणाऱ्यांची नावे मात्र बहुतेक ठिकाणी नव्हती. कला-अभ्यासक पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३च्या निबंधात नेमके यावर बोट ठेवले : क्विल्ट ही बायकांनी जाणीवपूर्वक घडवलेली कला आहे, तिला चित्रकलेच्या मापाने मोठे करण्याची गरज नाही. पुढे चित्रकार फेथ रिंगोल्ड यांनी १९८०च्या दशकात गोष्ट, चित्र आणि शिवण एकत्र आणून कृष्णवर्णीय घरांचे जग क्विल्टवर उतरवले. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एड्स स्मृती-क्विल्टने तर सामूहिक शोकाला आकार दिला. तीन फूट बाय सहा फुटांचा एक तुकडा एका गेलेल्या माणसासाठी. त्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये असे १,९२० तुकडे अंथरले गेले.

महाराष्ट्राला सर्वांत जवळचे वाटावे असे उदाहरण अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीचे. गुलामगिरीतून आलेल्या कुटुंबांतल्या बायकांनी शेतावरच्या कामाच्या कपड्यांतून क्विल्ट शिवल्या. मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली, नवरा गेल्यानंतर, त्याचे कामाचे कपडे जोडून त्याच्या आठवणीसाठी पांघरूण केले. अशी गोधडी मराठी घरात ओळखीची वाटेल. या क्विल्ट २००२ साली ह्यूस्टन आणि मग व्हिटनीत मांडल्या गेल्या, २००६ साली त्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. २००७ साली काही शिवणाऱ्या बायका न्यायालयात गेल्या : आपल्या कामातून आणि त्याच्या नकलांतून झालेल्या कमाईचा योग्य वाटा मिळाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण पुढच्या वर्षी तडजोडीने मिटले. कीर्ती आणि कमाई एकाच हाती पडत नाहीत, हा प्रश्न तिथे उघडपणे मांडला गेला. आपल्याकडे तो अजून दबक्या आवाजातच विचारला जातो.

भारतात कंथेला फार आधी मान मिळाला. जसीमउद्दीन यांच्या १९२९च्या दीर्घ बंगाली काव्याच्या नावातच ती आहे, कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी तिच्यावर लिहिले, शिल्पकार मीरा मुखर्जी यांनी गावातल्या मुलांना आणि बायकांना घेऊन कंथा केल्या. बिहारमध्ये मुझफ्फरपूरजवळ भुसुरा गावात १९८८ पासून सुजनीचे पुनरुज्जीवन झाले. तिथल्या बायकांनी हुंडा, स्त्रीभ्रूणहत्या, मुलींचे शिक्षण हे विषय टाक्यांत आणले. गाव आणि घर यांवरची कलात्मक गोधडी म्हणतात ती भारतात प्रत्यक्ष पाहायची तर भुसुऱ्याकडे पाहावे लागते. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या कवंदी या गोधडीवर कला-इतिहासकार हेन्री ड्रेवाल यांनी काम केले. कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाचे त्रिकोणी तुकडे असलेली ही कवंदी आज परदेशी हौशी मंडळी शिकून शिवतात.

महाराष्ट्राच्या वाट्याला पुस्तके उशिरा आली. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी राज्यातल्या गोधड्यांवर स्वतंत्र सचित्र ग्रंथ केला. पॅट्रिक फिन यांच्या २०१४च्या भारतीय गोधड्यांवरील पुस्तकाने तिला देशातल्या इतर प्रकारांसोबत बसवले. दोन्ही इंग्रजीत आहेत. गोधडीवर मराठीत ललित लेखन आणि कविता विपुल. टाके, कापड, मांडणी, शिवणारी यांची तालुकावार नोंद ठेवणारे काम त्या मानाने फारच थोडे.

चार भूमिका

पहिली भूमिका कलावंतांची आणि संग्राहकांची. त्यांच्या मते तुकडे निवडताना बाई रंग तोलते, काठाची दिशा ठरवते, उरलेला लाल कुठे ठेवायचा हे मनात मांडते. हा दृश्य निर्णय आहे आणि त्याला कला म्हणण्यासाठी कुणाची परवानगी लागू नये. भिंतीवर टांगल्याने तो निर्णय दिसतो, अंथरुणावर तो झाकला जातो. या भूमिकेचे बळ खरे आहे. चांगली गोधडी उभी करून पाहिली की मांडणीतला विचार लगेच ध्यानात येतो.

दुसरी भूमिका वापराची. गोधडीचे आयुष्य धुण्यात, विरण्यात, पुन्हा शिवण्यात असते. फाटली की तीच नव्या गोधडीच्या पोटात जाते, शेवटी पोतेरे होते. संग्रहालयात कापड मंद उजेडात, साधारण ५० लक्सच्या आत ठेवतात. त्याला हात लावता येत नाही. स्पर्शासाठी केलेली वस्तू स्पर्शापासून तोडली तर उरते ते तिचे चित्र, असे ही मंडळी म्हणतात. त्यांना गोधडीचे जतन म्हणजे शिवण्याचे जतन वाटते.

तिसरी भूमिका रोजगाराची, आणि ती बचत गट, विक्रेते, प्रशिक्षण देणाऱ्या संस्था यांच्याकडून येते. हाताने दाट टाक्यांची मोठी गोधडी करायला कित्येक दिवस लागतात. तेवढ्या दिवसांची मजुरी किमतीत धरली तर सामान्य गिऱ्हाईक मागे फिरते. धरली नाही तर शिवणारी. म्हणून मशीनची टीप, नवे छापील कापड, लहान आकार, उशांचे अभ्रे, पिशव्या असे मार्ग निघाले. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ते रुचत नाहीत. पण नव्या कापडाच्या दोन गोधड्या विकून मुलीची फी भरणाऱ्या बाईला जुन्या लुगड्याचे महत्त्व शिकवणे अवघड आहे. कापडाचा अपव्यय टाळण्याचा विचार या भूमिकेला अलीकडे बळ देतो : जुन्या कपड्यांच्या वापरावर काम करणाऱ्या ‘गूंज’ने सुजनीच्या पद्धतीने पांघरुणे करून घेतली आणि संस्थेचे अंशु गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

चौथी भूमिका थोडक्यांची आहे, पण ऐकण्यासारखी. लहानपणी ठिगळांची लाज अनुभवलेली काही माणसे गोधडीच्या मायेच्या वर्णनांनी अस्वस्थ होतात. दुसरे पांघरूण नव्हते म्हणून ती होती. पावसाळ्यात ती वाळत नसे, कुबट वास येई, एकाच गोधडीत चौघे झोपत. कलादालनातल्या माहितीफलकावर ‘आजीची ऊब’ लिहिले जाते आणि ही बाजू गळते. त्यांचा आक्षेप कलेला नाही. आठवण अर्धीच सांगण्याला आहे.

चित्र काढावे की कापडाला बोलू द्यावे

घर आणि गाव हा विषय घेऊन शिवायला बसलेल्या माणसापुढे एक प्रत्यक्ष निवड असते आणि सध्याची सर्वांत जिवंत चर्चा तिच्याभोवती आहे. एका पद्धतीत गोधडी म्हणजे कापडी चित्र. नाशिकचे म्हणाल तर घाटाच्या पायऱ्या, वाड्याचा दरवाजा, द्राक्षाचा मांडव, वारली पद्धतीची माणसे हे सारे कापून वर शिवता येते. पाहणाऱ्याला ते पटकन कळते, विकलेही जाते. पण तीच आकृती कागदावर काढली असती तर काय बिघडले असते, याचे उत्तर अशा बऱ्याच कामांत सापडत नाही. पर्यटनाच्या दुकानातली वस्तू आणि कलाकृती यांतली सीमा इथे पुसट होते. शिवाय वारली चित्रशैलीला भौगोलिक मानांकन आहे. ती ज्यांची आहे त्यांना सोबत न घेता ती कापडावर उचलणे प्रश्न निर्माण करते.

दुसऱ्या पद्धतीत विषय कापडातूनच येतो. येवल्याच्या पैठणीचे जीर्ण काठ, मालेगावच्या यंत्रमागावरचे साधे कापड, बागेत फवारणीच्या वेळी घातलेला डागाळलेला सदरा, दवाखान्यातली चादर : प्रत्येक तुकडा कुठून आला एवढे कळले तरी गोधडी एका जिल्ह्याचा आर्थिक नकाशा बनते. एखाद्या वाडीतल्या प्रत्येक घराकडून एक तुकडा घेऊन सामूहिक गोधडी शिवण्याची कल्पना याच पद्धतीतली. तिची अडचण अशी की सगळा अर्थ माहितीवर अवलंबून राहतो. फलक काढून घेतला तर उरते ती साधी गोधडी. तरीही दोन पद्धतींत दुसरी अधिक ताकदीची वाटते, कारण तिला पर्याय नाही. ती कागदावर करता येत नाही. मिसूरी पेटवे यांच्या क्विल्टवर एकही चित्र नाही. भुसुऱ्याच्या सुजनीत चित्रे आहेत, मात्र ती शिवणाऱ्यांनी स्वतःच्या जगण्यातून काढलेली आहेत, आणि तिथे दोन्ही पद्धती एकत्र येतात.

जे ठरलेले नाही

नावाचा प्रश्न सर्वांत आधी येतो. कलावंत मांडणी ठरवते, गटातल्या पाच बायका टाके घालतात. फलकावर बहुधा एकच नाव असते. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्यात कलात्मक कारागिरीला ‘कलाकृती’ मानले आहे, पण सामूहिक शिवणकामात कर्तृत्व कसे वाटायचे हे कायद्यापेक्षा आधी केलेल्या करारावर ठरते आणि असे करार क्वचित होतात. भौगोलिक मानांकनाची वाट बिहारच्या सुजनीला, बंगालच्या नक्षी कंथेला, येवल्याच्या पैठणीला मिळाली. गोधडी मात्र राज्यभर, शेजारच्या राज्यांतही, घरोघर शिवली जाते. तिला एका भूभागात बांधायचे तर टाक्याची किंवा मांडणीची कोणती खूण नाशिकची आणि कोणती कोल्हापूरची, हे आधी दाखवावे लागेल. तशी तुलना करण्याइतक्या नोंदी हाताशी नाहीत.

नोंदींची अडचण गोधडीच्या स्वभावातच आहे. ती वापरून संपवली जाते, म्हणून फार जुने नमुने हाती लागत नाहीत. जे लागतात त्यांच्या पोटात आणखी जुनी गोधडी असू शकते. थर पाहायचे तर टाके उसवावे लागतात आणि उसवली की शिवणारीच्या हाताचा पुरावा जातो. काही अभ्यासकांना एखादी विरलेली गोधडी उसवून प्रत्येक थराचे छायाचित्र घेणे योग्य वाटते. इतर म्हणतात, आधी शिवणाऱ्या बाईला विचारा. तिला थर तोंडपाठ असतात. सत्तरी-ऐंशीतल्या बायकांच्या बाबतीत दुसरा मार्ग तातडीचा आहे आणि त्याला खर्चही थोडा येतो : एक फोन, एक वही, गोधडीचे मोजमाप, कापड कोणाचे, शिवण कोणाची, साल कोणते.

विक्रीचा प्रश्न नाशिकपुढे लवकरच येऊन ठेपेल. २०२७च्या सिंहस्थाला लाखो लोक येतील, हस्तकलेची दालने लागतील, त्यांत गोधड्याही असतील. त्यांतल्या काही हाताच्या, काही मशीनच्या असतील. काहींचे कापड जुने, काहींचे नवे असेल. या सगळ्या विकायला जागा आहे. प्रत्येकीवर शिवणारीचे नाव, कापडाचा प्रकार आणि टाका हाताचा की मशीनचा, एवढ्या तीन गोष्टी लिहायच्या की नाही, हे दालने लावणाऱ्यांनी अगोदर ठरवायला हवे.